ताट, पाय आणि पुढची पिढी



'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणणाऱ्या गावात बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा जपूनच राहावं लागतं. तुम्हाला कमी लेखून चालत नाही, आणि स्तुती करावी तर ती तुम्ही आधीच धरून चाललेले असता! (हशा)

 या व्याख्यानासाठी विषय दिलाय आहार, व्यायाम आणि दीर्घकाळचं आरोग्य. संयोजकांनी हळूच कानात सांगितलं, ''डॉक्टर, काय खावं, काय खाऊ नये एवढं सांगा. लोकांना तेच ऐकायचं असतं.'' सांगतो, तेही सांगतो, पण शेवटी. कारण साखर कमी खावी आणि रोज चालावं, हे या सभागृहात कुणाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे. मग माहीत असूनही आपलं हे असं का झालं?

काय झालं ते दोन आकड्यांत सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा, देशभरातला मोठा अहवाल २०२३ साली आला. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही, आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाबाचं म्हणाल, तर साधारण तीन प्रौढांमागे एक. आता तुमच्या रांगेत उजवीकडे बघा, डावीकडे बघा. दोघंही ठणठणीत दिसत असतील, तर विचार करा.

एवढे सगळे लोक एकाच वेळी आळशी झाले का? एकाच वेळी हावरट झाले का? मला ते पटत नाही. आपल्या पोटापाण्याची रीत बदलली, आणि तिच्याबरोबर आपलं ताट बदललं, आपले पाय थांबले. आजार त्यातून आले. म्हणून त्यावरचा उपाय एकेकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर सोडून भागणार नाही. एवढंच मला आज सांगायचंय, आणि तीन टप्प्यांत सांगायचंय. पहिला टप्पा ताटाचा. दुसरा पायांचा. तिसरा, ज्याबद्दल अशा भाषणांत कुणी बोलत नाही, तो आपल्या मुलींचा.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला काढतो. 'आमचे आजोबा भाकर खायचे, नव्वद वर्षं जगले' असं आपण म्हणतो. जगले असतील. पण जे आजोबा नव्वदीपर्यंत पोहोचले नाहीत, ते सांगायला कुठे आहेत? स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. १९७२च्या दुष्काळात याच मराठवाड्यानं रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. तेव्हा मधुमेह कमी होता, कारण पोटभर खायलाच कमी होतं. त्या दिवसांकडे मला परत जायचं नाही. जुनं ते सगळं सोनं नव्हतं.

आता ताट.

या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत एके काळी खरिपातही ज्वारी असायची, रब्बीतही असायची. आज पावसाळ्यात जिंतूरकडे जा, नाहीतर सेलू-मानवतकडे जा. जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, कापूस आणि तूर. कालव्याच्या पाण्यावर ऊस. ज्वारी उरली ती मुख्यतः रब्बीत, घरच्यापुरती आणि कडब्यापुरती. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पिकाला पैसा, ते तो घेणार. इकडे रेशनवर गहू आणि तांदूळ. शेतातून ज्वारी गेली, दुकानातून गहू-तांदूळ आला, मग ताटात दुसरं काय येणार?

गंमत बघा. ज्वारीच्या संशोधनात परभणीचं नाव देशभर आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची 'परभणी मोती' शेतकऱ्याला ठाऊक आहे. याच विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' नावाचा वाण काढला, तो २०१८ साली प्रसारित झाला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरंच जास्त. लोह किलोला ४५ मिलिग्रॅमच्या घरात. परभणीचं नाव लावलेली ही ज्वारी परभणीतल्या किती घरांत शिजते? हात वर करू नका, उत्तर मला माहीत आहे!

तर मग ज्वारी खाल्ली की झालं? नाही. इथे मला जरा कडू बोलावं लागेल. हल्ली भाकरीला औषध समजून खाणारे खूप भेटतात. ''साहेब, चपाती बंद केली, आता भाकरच.'' किती? ''तीन.'' अहो, १०० ग्रॅम ज्वारीत आणि १०० ग्रॅम तांदळात उष्मांक जवळजवळ सारखेच असतात. तंतू ज्वारीत तांदळाच्या तिपटीहून जास्त, ही जमेची बाजू. पण न चाळलेल्या गव्हाच्या पिठात तंतू ज्वारीइतकेच असतात. आयसीएमआरच्या अभ्यासातून अलीकडेच पुढे आलं, की भारतीय माणसाची ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. आणि एकूण पिष्ट तेवढंच ठेवून नुसता तांदूळ काढून गहू किंवा भरडधान्य आणलं, तर मधुमेहाचा धोका काही कमी होत नाही. धोका कमी दिसतो तो त्या पिष्टातला थोडा भाग काढून त्याजागी डाळी, कडधान्यं, दूधदुभतं आलं तर.

मग भाकरीचं श्रेय कशात? मला विचाराल तर तिच्या सोबतीत. भाकर एकटी येत नाही. ती वरण घेऊन येते, अंबाडीची, करडईची, तांदुळजाची भाजी घेऊन येते, कांदा, जवसाची चटणी घेऊन येते. ती चावावी लागते, सावकाश खावी लागते, त्यामुळे पोट भरल्याचं वेळेवर कळतं. मैद्याचं तसं नाही. मैदा येतो तो साखर आणि तेल बरोबर घेऊनच येतो. खारी, बटर, पाव, बिस्कीट, सामोसा. यातलं काहीही चावायला लागत नाही, आणि पोट भरल्याचं कळेपर्यंत पुडा संपलेला असतो.

आणि चहा! मोंढ्यात, कचेरीत, बसस्थानकावर आपला माणूस दिवसाला पाच कप सहज घेतो. कपाला दोन लहान चमचे साखर धरा. दहा चमचे झाले, म्हणजे ४०-५० ग्रॅम साखर, जेवणाला हात लावायच्या आधी. ''मी गोड खात नाही हो डॉक्टर'' असं म्हणणारा माणूस ती पितो.

मिठाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक लहान चमचा, आणि तोही सगळं मिळून. लोणचं, पापड, ठेचा, शेव, फरसाण हे सगळं त्याच चमच्यात बसवायचं. बसतं का? त्या मिठाचा हिशेब पुढे रक्तदाबात निघतो. वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही, आणि एक दिवस थेट मेंदूच्या झटक्यानंच कळतं.

आता दुसरा टप्पा. पाय.

१९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. पगार साधारण सारखा, वस्ती सारखी, खाणंही सारखं. फरक एकच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं फाडत रोज जिन्याच्या पाच-सातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टर मंडळींत बराच कमी निघाला, आणि जीवघेणा झटका तर निम्म्याच्या आसपास. कुणी म्हणेल, जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनाही ती शंका आली. त्यांनी पुढे गणवेशाच्या नोंदी काढून पँटीच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी होती. पण सारख्या कमरेची माणसं घेतली, तरी फायदा कंडक्टरांकडेच राहिला. मॉरिस स्वतः नियमानं व्यायाम करायचे आणि ९९ वर्षं जगले.

कमरेवरून आठवलं. आपल्याकडे गणवेशाची नोंद नाही, पण करदोडा आहे. करदोडा घट्ट झाला की आपण काय करतो? गाठ सैल करतो, किंवा नवा घेतो. त्या दिवशी गाठ सैल करण्याआधी शिंप्याची टेप लावा. पोट आत न ओढता, बेंबीच्या पातळीवर. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर वजनकाटा काहीही म्हणो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. भारतीय माणसासाठी ही मापं मुद्दाम कमी ठेवलेली आहेत. का, ते तिसऱ्या टप्प्यात सांगतो.

आता आपली रोजची पायपीट कुठे गेली ते पाहू. शेतात ट्रॅक्टर आला, खुरपणीच्या जागी तणनाशक आलं, आणि गावातून शेताकडे जायला मोटारसायकल आली. जातं आता हळदीच्या दिवशी पूजेपुरतं बाहेर निघतं. हे सगळं चांगलंच झालं. बायकांची कंबर मोडणारं दळण-कांडण परत यावं, असं कोण म्हणेल? पण शरीराला जी हालचाल पूर्वी पोटासाठी फुकट मिळायची, ती आता मुद्दाम करावी लागते, एवढं मात्र खरं. ''दिवसभर धावपळ चालू असते'' असं दुकानदार सांगतो. धावपळ असते, पण ती गाडीची आणि फोनची.

व्यायामानं आत नेमकं काय होतं? स्नायू म्हणजे साखरेची कणगी समजा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर बरीचशी तिथे साठते. रोज वापर झाला की कणगी रिकामी होते आणि नवी साखर घेते. वापरच नसेल तर कणगी भरलेलीच राहते, आणि साखर रक्तात फिरत राहते. उरलेली यकृतात जाते, चरबी होऊन बसते. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानं साखरेची उसळी कमी होते. आपल्याकडे शतपावली होतीच की! फक्त टीव्हीची मालिका लागली आणि ती गेली.

कुणी विचारेल, याचा पुरावा काय? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. खाण्याचा सल्ला आणि रोजचं अर्धा तास झपझप चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन गोळीनंही जवळपास तेवढाच फायदा दिला. आणि महत्त्वाचं म्हणजे, लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला! म्हणून ''महिनाभर चाललो, वजन हललं नाही, सोडून दिलं'' असं म्हणू नका. काट्याला न दिसणारा फायदा आत चालू असतो.

आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपण विसरतोच. तालमीत जाऊन जोर-बैठका काढाच असं नाही. साठीच्या माणसानं हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावं-बसावं, तिथून सुरुवात करावी. उन्हाळ्यात परभणीच्या उन्हात दुपारी चालायला जाण्याचं धाडस करू नका, पहाटे निघा.

मध्येच एक गोष्ट. आपल्याकडे घराघरांत दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदा आणि ५५ मिनिटांत जेवण संपवणाऱ्यांचा. दुसरा आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा, घरचं पारंपरिक अन्न थोडं थोडं खाणाऱ्यांचा. सासू एका पक्षात, सून दुसऱ्या. (हशा) मी भांडणात पडत नाही. पाकिटातलं कमी खा आणि चाला, हे दीक्षित आणि दिवेकर दोघंही सांगतात. तेवढं तरी दोन्ही पक्षांनी मिळून करावं. मात्र जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ चुकवू नये. साखर एकदम उतरली तर जिवावर बेततं.

आता तिसरा टप्पा. मुली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. फोटोत दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ९ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१ टक्के! म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीचा. म्हणूनच आपल्यासाठी कमरेचं माप कमी ठेवावं लागलं.

हे कुठून येतं? याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण आपलं बाळ लहान असलं, तरी सगळीकडून सारखं लहान नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र शाबूत. अशा बाळाला पुढे पोटभर खायला मिळालं आणि बसायचं काम मिळालं, की मधुमेहाची वाट सोपी होते. म्हणजे चाळिशीत उगवणाऱ्या आजाराचं बी आईच्या पोटात पडलेलं असतं.

आता याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट ऐका, विशेषतः पुरुषांनी. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ज्या गरोदर बायांच्या वाट्याला शेतातलं आणि घरातलं अतिकष्टाचं काम होतं, त्यांची बाळं आणखी लहान निघाली. आणि ज्यांना दूध, पालेभाजी, फळं वरचेवर मिळाली, त्यांची बाळं चांगल्या बांध्याची निघाली. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन कोयत्यामागे जाणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू, की आई, रोज अर्धा तास चालत जा? तिला व्यायाम नको. तिला जेवण हवं आणि विसावा हवा. व्याख्यानातला सल्ला एकच, पण ऐकणाऱ्याच्या ताटाप्रमाणे आणि कष्टाप्रमाणे तो बदलला पाहिजे.

आणि या बाईचं वय काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायांपैकी ४८ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा राज्यातला सर्वांत वरचा आकडा. 'भारतात परभणी' म्हणताना हाही आकडा लक्षात ठेवा. राज्यात निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. पंधरा-सोळा वर्षांची, अंगात रक्त नसलेली, अजून स्वतःच वाढीला लागलेली पोर आई होते. खाल्लेलं अन्न तिच्या वाढीला पुरेना, बाळाला कुठून पुरावं? मग ते बाळ कमी वजनाचं. तीस-चाळीस वर्षांनी तोच माणूस मधुमेहाची फाइल घेऊन दवाखान्यात येतो, आणि आम्ही त्याला सांगतो, ''तुम्ही भात फार खाता.''

आईबापांना केवळ शिव्या देऊन हे थांबणार नाही, हेही खरं. ऊसतोडीला जोडीनं जावं लागतं. गावी मोठी पोर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर वसतिगृह आहे, शाळेची एसटी आहे, हंगामभर सांभाळणारं कुणीतरी आहे. लग्न हे त्याचं उत्तर नव्हे.

तर आता सगळं एकत्र बांधतो.

शेवटी सांगेन म्हटलं होतं, ते आता सांगतो. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला, पाव जागा घट्ट वरणाला किंवा उसळीला, उरलेली पाव भाकरीला किंवा भाताला. वरण घट्ट हवं. पाण्यातून डाळ शोधावी लागेल असं नको. चहा दोन कप, साखर निम्मी. मीठ वरून घ्यायचं नाही. जेवणानंतर शतपावली, रोज अर्धा तास दमदार चालणं. तंबाखू आणि गुटखा बंद. त्याला वेगळं व्याख्यान नको. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासा.

हे झालं घराघरातलं. पण मी म्हटलं होतं की एकट्याच्या निग्रहावर हे भागणार नाही. विद्यापीठाच्या रस्त्यांवर सकाळी फिरायला जाणं ज्यांना जमतं, ते नशीबवान. ज्यांना तिथवर जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक वॉर्डात दिवे आणि सावली असलेली एक चालायची वाट हवी, बायांनाही संध्याकाळी निर्धास्त जाता येईल अशी. शाळेचं मैदान मंडपांना भाड्यानं देण्यासाठी नसतं. शालेय पोषण आहारात आणि रेशनवर आपल्या जिल्ह्याची ज्वारी हवी, म्हणजे शेतकऱ्यालाही ती पेरायला कारण मिळेल. मतं मागायला येतात त्यांना हे विचारा. रस्ता आणि नालीबरोबर चालायची जागाही मागा.

आणि शेवटचं घरातलं काम पुरुषांसाठी. आज रात्री बाईला आधी किंवा बरोबर जेवायला बसवा. उरलेल्या भाजीच्या तळावर आणि शिळ्या भाकरीवर तिचं जेवण उरकू देऊ नका. घरात दूध एक पेला असेल, तर तो मुलीलाही मिळतो की फक्त मुलालाच, ते बघा.

आपल्या वस्तीत अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरत असेल, तर अक्षता टाकायला जाऊ नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. परभणीतला पुढच्या पिढीचा मधुमेह कमी करायचा असेल, तर त्या कामाची सुरुवात त्या फोनपासून होते.